वाचकांचे प्रश्न : बारा तारांच्या गिटारची किणकिण

बारा तारांच्या गिटारवर फोक-रॉकच्या कॉर्ड्स (एकत्र वाजवायचे स्वरसमूह) कशा वाजवाव्यात, याविषयी आलेल्या पत्रांना या वेळच्या सदरात एकत्रित उत्तरे देत आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत. तारांच्या जोड्या सर्वांत बारीक जोडीपासून मोजल्या आहेत, म्हणजे वरच्या सुरातली ई ही पहिली जोडी आणि खर्जातली ई ही सहावी. कॉर्डचे आकडे मात्र नेहमीच्या प्रघाताप्रमाणे सहाव्या जोडीकडून पहिलीकडे वाचावेत. आकडा म्हणजे त्या जोडीवर दाबायच्या फ्रेटचा (मानेवरील धातूच्या आडव्या पट्टीचा) क्रमांक, आणि शून्य म्हणजे मोकळी जोडी. जी जोडी वाजवायची नाही तिच्या जागी ‘फुली’ असे लिहिले आहे.

प्रश्न : मी बरीच वर्षे सहा तारांची अकूस्टिक गिटार वाजवीत आहे आणि अलीकडेच बारा तारांची घेतली आहे. १९६०च्या दशकातील फोक-रॉकमध्ये जी लख्ख किणकिण ऐकू येते ती मला हवी आहे. पण जी, सी, डी या नेहमीच्याच कॉर्ड्स मी वाजवल्या की नुसता दाट, गढूळ आवाज येतो. दोष वाद्यात आहे, हातात आहे, की कॉर्ड्स निवडण्यात?

उत्तर : बहुतांशी कॉर्ड्स निवडण्यात, आणि त्याचे कारण या वाद्याच्या रचनेतच आहे. सर्वांत उंच स्वर पहिल्या तारेवर असतो, ही सहा तारांची सवय कानात आणि बोटांत इतकी मुरलेली असते की बारा तारांवरही आपण तेच गृहीत धरून चालतो. येथे पहिल्या दोन जोड्यांतील दोन्ही तारा एकाच सुरात लावलेल्या असतात. तिसऱ्या ते सहाव्या जोडीत मात्र मूळ तारेच्या सोबतीला तिच्याहून एक सप्तक वर लावलेली बारीक तार असते. तिसऱ्या जोडीतील ही बारीक जी ३९२ हर्ट्झवर बोलते आणि मोकळी पहिली तार सुमारे ३३० हर्ट्झवर. म्हणजेच वाद्यातला सर्वांत उंच मोकळा स्वर कडेला नसून मध्ये, तिसऱ्या जोडीत आहे. आपल्याला हवी असलेली किणकिण प्रामुख्याने तिथून येते, आणि म्हणून कॉर्ड निवडताना ‘पहिल्या तारेवर काय आहे’ याआधी ‘तिसऱ्या जोडीवर काय आहे’ हे विचारावे, असे माझे ठाम मत आहे.

डीची साधी कॉर्ड घ्या : फुली-फुली-०-२-३-२. तिसऱ्या जोडीवर दुसऱ्या फ्रेटला तर्जनीने तुम्ही ए दाबता, तेव्हा बारीक तारेतून ४४० हर्ट्झचा ए निघतो आणि तो पहिल्या जोडीवरील एफ शार्पच्याही वर जाऊन बसतो. आता पहिल्या जोडीवरचे मधले बोट उचला (फुली-फुली-०-२-३-०), ते परत ठेवा, आणि मग करंगळीने तिसरा फ्रेट दाबा (फुली-फुली-०-२-३-३). गिटारवादक यांना डी-सस-टू आणि डी-सस-फोर म्हणतात. डीला षड्ज मानले तर गंधाराच्या जागी एकदा रिषभ आणि एकदा मध्यम आला, इतकाच त्याचा अर्थ. सहा तारांवर ही हालचाल कॉर्डच्या माथ्यावर होते आणि तीच गाण्याची चाल असल्यासारखी वाटू लागते. बारा तारांवर ती आतल्या आत होते : वरचा ए तंबोऱ्याच्या स्वरासारखा अखंड चालू राहतो आणि ई, एफ शार्प, जी हे तीन स्वर त्याच्या खालून ये-जा करतात. डी-सस-फोरमध्ये तर वरचा जी आणि वरचा ए यांच्यात केवळ एका पूर्ण स्वराचे अंतर उरते, आणि त्या दोघांच्या शेजारामुळे जी चकाकी येते ती निव्वळ डी मेजरमध्ये येत नाही. एकदाच खालच्या दिशेने तारा छेडून, त्या वाजत असतानाच बोट उचलून आणि ठेवून पाहा. दर वेळी पुन्हा छेडण्याची गरज नाही. मात्र बोट उचलताना ते जोडीतल्या दोन्ही तारांना किंचित ओढून सुटले पाहिजे, कारण एकच तार ओढली गेली तर दुसरी मुकी होते आणि सगळा परिणाम अर्ध्यावर येतो.

एचेही असेच. फुली-०-२-२-२-० ही कॉर्ड चौथ्या जोडीवर मधले बोट, तिसऱ्या जोडीवर तर्जनी आणि दुसऱ्या जोडीवर अनामिका अशी धरा. ही मांडणी सुरुवातीला अवघडल्यासारखी वाटेल, पण तिचा फायदा मोठा आहे. अनामिका उचलली की ए-सस-टू (फुली-०-२-२-०-०), आणि दुसऱ्या जोडीवर तिसऱ्या फ्रेटला करंगळी टेकवली की ए-सस-फोर (फुली-०-२-२-३-०). तर्जनी मात्र डीमध्ये जिथे होती तिथेच आहे, त्यामुळे डीवरून एवर येताना वरचा ४४० हर्ट्झचा ए क्षणभरही तुटत नाही. शिवाय चौथ्या जोडीच्या बारीक तारेवर दुसऱ्या फ्रेटला जो ई निघतो तो मोकळ्या पहिल्या जोडीच्या ईशी तंतोतंत जुळतो, म्हणजे एकाच उंचीचा स्वर तीन तारा एकदम बोलतात. हे तिहेरी जुळणे डीमध्येही आहे : चौथ्या जोडीची बारीक तार आणि दुसऱ्या जोडीच्या दोन तारा तिथे एकच डी देतात.

आता तुमच्या गढूळ जीकडे येऊ. ३-२-०-०-०-३ या मांडणीत बी, म्हणजे जीचा गंधार, पाचव्या जोडीच्या दोन तारांवर आणि मोकळ्या दुसऱ्या जोडीच्या दोन तारांवर, अशा एकूण चार तारांवर वाजतो. त्यातले तीन बी तर एकाच उंचीचे असतात आणि चौथा खर्जात घुमतो. गिटारच्या समस्वरांतरी पद्धतीत, म्हणजे सप्तकाचे बारा सारखे भाग करणाऱ्या पद्धतीत, मेजर कॉर्डचा गंधार शुद्ध नादापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). सहा तारांवर कान ते चालवून घेतो, पण बारापैकी चार तारा तोच स्वर बोलू लागल्या की खालच्या भागात गोंधळ माजतो. उपाय असा की दुसऱ्या जोडीवर तिसरा फ्रेट दाबून तिथे डी घ्या (३-२-०-०-३-३), आणि त्याही पुढे जाऊन, सहाव्या जोडीवरील बोटाची कड पाचव्या जोडीला लागू देऊन तिला गप्प करा (३-फुली-०-०-३-३). आता कॉर्डमध्ये केवळ जी आणि डी उरले, गंधार अजिबात नाही, आणि वरचा जी पहिल्या जोडीच्या दोन तारा व तिसऱ्या जोडीची बारीक तार अशा तिघी मिळून बोलतात. गंधार नसल्याने कॉर्ड पोकळ वाटेल अशी भीती बाळगू नये. गाणाऱ्याचा आवाज तो पुरवतो आणि तोच त्याच्यासाठी मोकळी जागाही मागत असतो.

सीसाठी फुली-३-२-०-३-३ ही सी-अॅड-नाइन वापरा. दुसऱ्या आणि पहिल्या जोडीवरची दोन बोटे जीवरून येताना हलवावीच लागत नाहीत. सहा तारांवर त्यातला जादा डी, म्हणजे सीचा रिषभ, वरवर लावलेला रंग वाटतो, पण बारा तारांवर पाचव्या जोडीची बारीक तार सी देते, चौथीची ई देते, आणि दुसऱ्या जोडीचा डी नेमका त्या दोघांच्या मध्ये येऊन बसतो. वर जी आहेच. सी, डी, ई, जी असा सलग पट्टा एकाच सप्तकात तयार होतो. पियानोवर हे चार स्वर एकत्र दाबले तर ते दाटीवाटीचे वाटू शकतात. येथे तारा एकामागोमाग एक छेडल्या जात असल्याने ते पसरतात.

हे सगळे एका अभ्यासात गुंफता येते. तर्जनी तिसऱ्या जोडीच्या दुसऱ्या फ्रेटवर ठेवा आणि ती न उचलता पुढच्या चार कॉर्ड्समधून फिरा : डी (फुली-फुली-०-२-३-२), बी मायनर सेव्हन (फुली-२-०-२-०-२), जी-सस-टू (३-फुली-०-२-३-३) आणि ए (फुली-०-२-२-२-०). खालचा आधारस्वर दर वेळी बदलतो, मधले स्वर सरकतात, वरचा ए मात्र तसाच राहतो, आणि तोच ए डीमध्ये पंचम, बी मायनरमध्ये सातवा, जीमध्ये रिषभ आणि एमध्ये षड्ज होतो. स्वर एकच, त्याचे नाते चार वेळा बदलते. फोक-रॉकमधील किणकिण ही निव्वळ उंच आवाजाची बाब नसून अशा स्थिर राहणाऱ्या स्वराची आहे, हे एकदा कानाला पटले की पुढच्या मांडण्या तुमच्या तुम्हाला सुचू लागतील.

आणखी एक प्रकार सांगतो. ई मेजरचा आकार (०-२-२-१-०-०) तसाच वर सरकवा आणि पहिल्या दोन जोड्या मोकळ्या ठेवा. पाचव्या फ्रेटपाशी ५-७-७-६-०-० अशी ए-अॅड-नाइन मिळते आणि ती फार प्रसन्न वाजते. सातव्या फ्रेटपाशी (७-९-९-८-०-०) मात्र तिसऱ्या जोडीचा डी शार्प मोकळ्या ईच्या अगदी अर्ध्या स्वराने खाली येतो, त्यामुळे तिथे एक धार जाणवते. ती टाळावी असे नाही, पण तिथे मुक्काम न करता पुढच्या कॉर्डकडे निघून जावे.

प्रश्न : एफ आणि इतर बार कॉर्ड्स (एकाच बोटाने सगळ्या तारा आडव्या दाबण्याच्या कॉर्ड्स) दाबताना माझा हात पाच मिनिटांत भरून येतो. कॅपो (मानेवर सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावून सोप्या कॉर्ड्स वाजवणे ही पळवाट समजली जाते का?

उत्तर : मुळीच नाही. बारा तारांच्या हलक्या संचाचा एकूण ताण सहा तारांच्या हलक्या संचाच्या सुमारे दीडपट असतो, आणि तो तुमच्या बोटांप्रमाणेच गिटारच्या ब्रिजला (तारा जिथे अडकवलेल्या असतात त्या पट्टीला) आणि तिच्या मानेलाही सोसावा लागतो. म्हणूनच अनेक अनुभवी वादक गिटार एक पूर्ण स्वर खाली, म्हणजे डीपासून डीपर्यंत लावतात आणि मूळ पट्टी हवी तेव्हा दुसऱ्या फ्रेटवर कॅपो लावतात. तारेचा ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे एक स्वर उतरवल्यावर तो सुमारे २० टक्क्यांनी कमी होतो. हा फरक पहिल्याच कॉर्डला हाताला जाणवेल. या वाद्याचे थोर वादक लेड बेली तर आपली गिटार याहूनही बरीच खाली लावत असत आणि त्यांच्या खर्जाचा तो घुमारा त्यातूनच येई.

कॅपोविषयी एक व्यावहारिक सूचना करावीशी वाटते. जोडीतली बारीक तार जाड तारेच्या सावलीत राहते आणि कॅपोचे रबर कडक असेल तर ती नीट दाबली जात नाही, मग नेमका सप्तकाचा स्वर फरफरतो. रबर मऊ असलेला कॅपो घ्यावा, तो फ्रेटच्या अगदी लगत लावावा आणि लावल्यावर सूर पुन्हा तपासावा.

बार कॉर्ड्सबद्दल माझा सल्ला स्पष्ट आहे : या शैलीत शक्य तितक्या टाळा. कारण केवळ हाताचे दुखणे नाही. बार कॉर्डमध्ये एकही मोकळी जोडी उरत नाही, आणि मोकळ्या जोड्या गेल्या की किणकिणही जाते. बी मायनरसाठी वर दिलेली फुली-२-०-२-०-२ वापरा, एफ शार्प मायनरच्या जागी २-४-४-२-०-० धरा. एफसाठी बहुतेक पुस्तके एफ मेजर सेव्हन (फुली-फुली-३-२-१-०) सुचवतात. बारा तारांवर मात्र ती जपून वापरावी, कारण चौथ्या जोडीची बारीक तार जो एफ देते तो मोकळ्या ईला अर्ध्या स्वरावर खेटतो. सहा तारांवर हेच दोन स्वर जवळजवळ एका सप्तकाच्या अंतरावर असल्याने मधुर वाटतात, येथे ते बोचतात. शांत, एकेक तार छेडण्याच्या जागी ते बोचणे सुंदर वाटू शकते. जोरात छेडायचे असेल तर पहिल्या दोन जोड्या तर्जनीने दाबून साधी फुली-फुली-३-२-१-१ घ्यावी.

प्रश्न : खाली छेडताना आणि वर छेडताना आवाज वेगळा का येतो? आणि त्या काळच्या इलेक्ट्रिक बारा तारांच्या गिटारसारखी तारांवरून घरंगळत जाणारी सुरावट कशी काढायची?

उत्तर : तुमचे कान नेमके आहेत. नेहमीच्या बारा तारांच्या गिटारवर सप्तकाची बारीक तार वादकाच्या अंगठ्याकडच्या बाजूला असते, त्यामुळे खाली छेडताना पिक (तारा छेडण्याची चकती) आधी बारीक तारेला आणि मग जाड तारेला लागते. वर येताना हा क्रम उलटतो. खालचा आघात म्हणून उजळ आणि वरचा भरीव लागतो. रिकनबॅकर कंपनीने आपल्या इलेक्ट्रिक गिटारवर हा क्रमच बदलून जाड तार आधी ठेवली, आणि तिचा आवाज वेगळा ओळखू येण्यामागे हे एक महत्त्वाचे कारण आहे.

या वाद्याचा फोक-रॉकमधला प्रवास फार थोड्या काळात घडला. फेब्रुवारी १९६४ मध्ये बीटल्स अमेरिकेत आले तेव्हा जॉर्ज हॅरिसन यांना रिकनबॅकरची ३६०/१२ ही गिटार मिळाली, आणि त्याच वर्षी आलेल्या बीटल्सच्या पहिल्या चित्रपटात ती दिसली आणि ऐकू आली. तो चित्रपट पाहून द बर्ड्स या गटाचे रॉजर मॅग्विन, ज्यांचे नाव तेव्हा जिम मॅग्विन असे होते, या गिटारकडे वळले. १९६५ मध्ये बॉब डिलन यांच्या एका गीताचे द बर्ड्सने केलेले रूप अमेरिका आणि ब्रिटन या दोन्ही देशांत पहिल्या क्रमांकावर पोहोचले, आणि लोकगीताची मांडणी व रॉकचा ठेका यांचा तो मेळ सर्वतोमुखी झाला.

मॅग्विन हे शिकागोच्या ओल्ड टाउन स्कूल ऑफ फोक म्युझिकमध्ये शिकलेले, बँजोचाही हात असलेले वादक. अंगठा आणि तर्जनी यांच्यात साधे पिक, आणि मधल्या बोटावर व अनामिकेवर धातूची नखे, ही त्यांची पद्धत. बँजोवरील ‘रोल’, म्हणजे तारा ठराविक क्रमाने एकेक करून सलग छेडणे, त्यांनी बारा तारांवर आणला, आणि घरंगळत जाणारी जी सुरावट तुम्ही म्हणता ती हीच. डीची कॉर्ड धरून हा क्रम वाजवून पाहा : चौथी, दुसरी, पहिली, तिसरी, दुसरी, पहिली, तिसरी, दुसरी. चौथी आणि तिसरी जोडी पिकने, दुसरी मधल्या बोटाने, पहिली अनामिकेने. आठ आघात तीन-तीन-दोन असे वाटले जातात आणि चार मात्रांच्या सरळ ठेक्यावर ते तिरके पडतात. हाच क्रम चालू ठेवून पहिल्या जोडीवर ई, एफ शार्प आणि जी अशी बोटे बदलत राहिलात की एका कॉर्डमध्येच पुरेसे काही घडते. धातूची नखे नसतील तर उघड्या बोटांनी आरंभ करावा. आवाज मऊ येईल, पण हाताला वळण लागेल, आणि वळण लागेपर्यंत वेग वाढवू नये.

ध्वनिमुद्रणातला आवाज तसाच्या तसा येत नाही म्हणून निराश होऊ नका. मॅग्विन यांच्या त्या ध्वनीत कॉम्प्रेसरचा वाटा फार मोठा होता. कॉम्प्रेसर आघाताचा जोर दाबतो आणि विरत जाणारा स्वर उचलून धरतो, त्यामुळे इलेक्ट्रिक बारा तारांचा एरवी चटकन विझणारा आवाज लांबतो आणि रोलमधले सगळे स्वर एकाच पातळीवर येतात. अकूस्टिक वाद्यावर हे काम हातानेच करावे लागते : प्रत्येक जोडीला सारखाच, हलका आघात आणि ब्रिजकडे थोडा सरकलेला हात.

प्रश्न : ट्यूनरवर बाराही तारा हिरव्या दिसतात, तरी कॉर्ड धरली की बेसूर वाटते. असे का व्हावे? तिसऱ्या जोडीची बारीक तारही वारंवार तुटते.

उत्तर : आधी तार तुटण्याबद्दल. संचातील ही सर्वांत बारीक तार, साधारणतः ०.००८ किंवा ०.००९ इंच जाडीची, आणि तिलाच सर्वांत उंच लावले जाते. त्यामुळे ती तुटणे हा तुमच्या हाताचा दोष नाही. वरच्या नटमधील (मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीतील) तिची खाच आणि खुंटीचे छिद्र खरखरीत नाही ना हे पाहा, सुटी तार जवळ ठेवा, आणि वर म्हटल्याप्रमाणे गिटार एक स्वर उतरवून ठेवा.

बेसूरपणाची कारणे एकाहून अधिक आहेत. ट्यूनर प्रत्येक तार स्वतंत्रपणे पाहतो, पण कान जोडी ऐकतो. पहिल्या जोडीच्या दोन तारांत केवळ ५ सेंटचा फरक राहिला तरी ३३० हर्ट्झच्या आसपास तो जवळपास एका हर्ट्झइतका होतो, म्हणजे दर सेकंदाला एकदा आवाज वरखाली हेलकावतो. म्हणून आधी सहा मूळ तारा ट्यूनरवर लावून घ्याव्यात, त्या वेळी सोबतची तार बोटाने दाबून गप्प ठेवावी, आणि मग प्रत्येक सोबतीण तिच्या जोडीदारणीशी कानाने मिळवावी, हेलकावा मंद होत होत थांबेपर्यंत. तारा चढवताना मान किंचित वाकते आणि आधी लावलेल्या तारा उतरतात, त्यामुळे पूर्ण फेरी दुसऱ्यांदा करणे आवश्यकच असते.

दुसरे कारण दाबण्याचे. एकाच बोटाखाली जाड आणि बारीक तार असते, आणि दाबल्यावर त्या सारख्या प्रमाणात चढत नाहीत. बहुतेक गिटारवर एका जोडीतील दोन्ही तारांना ब्रिजवर एकच टेकण असते, त्यामुळे दोघींची लांबी स्वतंत्रपणे जुळवता येत नाही. यावर मी करीत असलेला उपाय असा की सप्तकाच्या तारा मोकळ्या सुरात मिळवल्यानंतर ज्या कॉर्ड्स जास्त वाजवायच्या आहेत त्या धरून तपासाव्यात. ३-फुली-०-०-३-३ ही जीची मांडणी यासाठी उत्तम आहे, कारण तिच्यात वरचा जी तीन तारांवर एकाच वेळी येतो. दाबलेल्या पहिल्या जोडीशी तिसऱ्या जोडीची मोकळी बारीक तार भांडत असेल, तर मोकळी तार केसभर चढवून दोन्हींच्या मधला मार्ग काढावा. त्यानंतर डी धरून चौथ्या जोडीच्या बारीक तारेचे तसेच करावे. आणि पकड हलकी ठेवावी : स्वर स्वच्छ येण्यापुरताच दाब द्यावा, त्यापुढचा सगळा दाब सूर चढवण्याखेरीज काही करीत नाही.

काही जण आवाज ‘मोठा’ व्हावा म्हणून जोडीतील एक तार मुद्दाम किंचित बेसूर ठेवतात. मला ते पटत नाही. दोन तारा कितीही काळजीपूर्वक मिळवल्या तरी त्या पूर्णपणे एकरूप होत नाहीत, आणि तो नैसर्गिक फरक पुरेसा असतो.

प्रश्न : माझ्याकडे फक्त सहा तारांचीच गिटार आहे. हा आवाज तिच्यावर काढता येईल का?

उत्तर : बऱ्याच अंशी येईल. बारा तारांचा संच घेऊन त्यातील फक्त बारीक तारा सहा तारांच्या गिटारला लावा, म्हणजे पहिल्या दोन तारा नेहमीसारख्या आणि उरलेल्या चार एक सप्तक वर. याला नॅशव्हिल ट्यूनिंग म्हणतात. तिसऱ्या तारेचा ३९२ हर्ट्झचा जी तुम्हाला येथेही मिळतो, त्यामुळे वर सांगितलेल्या डी आणि एच्या सगळ्या मांडण्या जशाच्या तशा लागू पडतात. खर्ज मात्र नाहीसा होतो, म्हणून सोबत साध्या तारांची दुसरी गिटार असावी. दोघांनी मिळून एकच मांडणी वाजवली की दोन वादकांत वाटलेली बारा तारांची गिटारच तयार होते. द सर्चर्स या लिव्हरपूलच्या गटाने १९६४ च्या आरंभी गाजलेल्या एका ध्वनिमुद्रणात सहा तारांच्या दोन गिटारवर एकच सुरावट वाजवली आणि ऐकणाऱ्यांना ती बारा तारांची वाटली. एकट्याने वाजवायचे असेल तर कोरस पेडल (एका गिटारचा आवाज अनेक गिटारचा भासवणारे उपकरण) थोडीफार मदत करते, पण ते सप्तकाची तार निर्माण करीत नाही, आणि या शैलीचा प्राण त्या तारेत आहे.

प्रश्न : आमच्या गटात एक सहा तारांची गिटार, एक बारा तारांची आणि दोन गाणारे आहेत. मी बारा तारांवर वाजवू लागलो की शब्द ऐकू येत नाहीत, अशी तक्रार असते.

उत्तर : तक्रार रास्त असणार. दोन्ही गिटारनी एकाच जागी एकच पूर्ण कॉर्ड वाजवली तर गाणाऱ्याच्या आवाजाची पट्टी दोघे मिळून भरून टाकतात. गाणे जीमध्ये असेल तर सहा तारांच्या वादकाला मोकळी जी वाजवू द्या. तुम्ही पाचव्या फ्रेटवर कॅपो लावून डीचा आकार धरा. तोही जीच होतो, पण वरच्या भागात, आणि डीच्या सगळ्या सस मांडण्या हाताशी राहतात. खालच्या दोन जोड्या पूर्णपणे सोडून द्या, खर्ज दुसऱ्या गिटारकडे आहे. शब्द चालू असताना चौथ्या ते पहिल्या जोडीवर रोल हलक्या हाताने चालू ठेवा, आणि सस-फोरवरून मेजरवर उतरण्याची हालचाल ओळ संपल्यावर, गाणारा श्वास घेतो त्या जागेसाठी राखून ठेवा.